हे काम आत्ता कोणाकडे आहे?

कोथरूडमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. एका खोलीत भिंतींना काळा फोम, दुसरीत तीन संगणक, एक चहाची किटली आणि खुर्च्यांवर टाकलेल्या केबली. इथून एका मराठी यूट्यूब वाहिनीचे व्हिडिओ आणि एक पॉडकास्ट बाहेर पडतो. निर्मिती सांभाळणारी मुलगी मोठ्या पडद्यावर ट्रेलोचा फळा उघडून मला कामाची पद्धत समजावत होती. कोकणातल्या कातळशिल्पांवरचा भाग 'एडिट'च्या रांगेत उभा होता. मागून एडिटर म्हणाला, "अगं, तो परवाच अपलोड झाला. व्ह्यूज पण चांगले आलेत."

तिने माउसने कार्ड उचललं, शेवटच्या रांगेत नेऊन टाकलं आणि पुढचं सांगायला लागली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा 'हत्यारं' हा विषय ठरवला. लोहाराचा भाता, शिंप्याची कात्री, शस्त्रक्रियेची सुरी हे सगळं इतरांनी आधीच वाटून घेतलं होतं. माझ्या वाट्याला आली ती हातात धरता न येणारी हत्यारं: ऑनलाइन कामं उभी करायची आणि हाकायची साधनं. ट्रेलो, जिरा, आसना, स्लॅक, नोशन, गूगलची कागदपत्रं, झोहो आणि अर्थातच व्हॉट्सॲप. "यातलं कुठलं चांगलं, ते वाचकाला कळू दे," एवढीच सूचना. वैशिष्ट्यांची तुलना कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. म्हणून जिथे ही साधनं रोज वापरात आहेत तिथे जाऊन बसलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडचं एखादं अर्धवट काम घ्या, ते या क्षणी कोणाकडे आहे, हे तुम्ही कुठे बघून सांगता? माणसांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून नावं टाळली आहेत.

पाच रांगांचा फळा

स्टुडिओच्या फळ्यावर पाच रांगा आहेत: विषय, स्क्रिप्ट, शूट, एडिट, अपलोड. प्रत्येक भागाचं एक कार्ड. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकतं. शिकवावं लागत नाही, हीच ट्रेलोची खुबी. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या छोट्या कंपनीने ते बाजारात आणलं आणि २०१७ मध्ये ॲटलासियनने ४२.५ कोटी डॉलरना विकत घेतलं.

कार्डं सरकवण्याची ही पद्धत आली जपानच्या टोयोटा कारखान्यातून. विसाव्या शतकाच्या मध्यावर ताइची ओनो यांनी तिथे जी व्यवस्था बसवली, तिचं नाव कानबान. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये फळीवरचा माल गिऱ्हाइकाने उचलला की तेवढाच पुन्हा भरतात, हे त्यांच्या डोक्यात होतं. कारखान्यात पुढच्या टप्प्याने सुटे भाग वापरले की त्यांच्यासोबतचं कार्ड मागे यायचं आणि ते आलं तरच मागच्या टप्प्याने नवे भाग करायचे. म्हणजे कार्ड मुळात काम अडवायला होतं. कार्ड नाही, तर उत्पादन नाही.

स्टुडिओत फळा आला, अडवणूक आली नाही. 'विषय'च्या रांगेत कार्डांची माळ खाली खाली जात होती, स्क्रिप्टमध्ये चार, शूट झालेले पाच आणि एडिटर एकटा. एडिटच्या रांगेत एका वेळी तीनच कार्डं, चौथं आलं तर शूट थांबवायचं, असा नियम केला तर? निर्मितीवाली मुलगी हसली. "शूटची तारीख पाहुण्यांवर ठरते, सर. ते मुंबईहून येणार असतात. आम्ही कोण थांबवणार?"

तिचं म्हणणं खोटं नाही. पण तीन कार्डांची मर्यादा घातली नाही तरी पाच कार्डांची थप्पी डोळ्यांना दिसते, हा फळ्याचा फायदा उरतोच. मालकाने ती थप्पी बघूनच दिवाळीनंतर दुसरा एडिटर घ्यायचं कबूल केलं आहे. सहा महिने तोंडी सांगून जे झालं नव्हतं, ते एका रांगेच्या लांबीने झालं.

मग कातळशिल्पांचं कार्ड मागे कसं राहिलं? कारण एडिटर फळा उघडतच नाही. त्याचे हात एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर असतात, त्याचं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं. भाग संपला की तो ग्रुपवर अंगठा टाकतो. तो अंगठा बघून कार्ड सरकवणं हे निर्मितीवालीचं काम, आणि परवा ती रजेवर होती.

अंगठा म्हणजे होकार नव्हे

मी जिथे जिथे गेलो तिथे अधिकृत साधन वेगळं होतं आणि खरं कार्यालय एकच: व्हॉट्सॲप. यात हसण्यासारखं काही नाही. एका भागाच्या चित्रीकरणाला कॅमेरामन, त्याचा मदतनीस, मेकअपवाल्या ताई, गाडीचा ड्रायव्हर आणि ज्यांच्या वाड्यात शूट आहे ते काका, एवढी माणसं लागतात. या सगळ्यांना ट्रेलोचं खातं उघडायला लावणं शक्य नाही, आणि ग्रुपमध्ये घ्यायला दहा सेकंदं पुरतात. टाइप करायचा कंटाळा असेल तर आवाज पाठवता येतो. काकांना तर तेच सोयीचं.

अडचण सुरू होते ती पुढे. ग्रुपवर "उद्या सकाळी लाइट्स कोण आणतंय?" असा प्रश्न पडला की तो सगळ्यांना विचारलेला असतो, म्हणजे कोणालाच विचारलेला नसतो. निळ्या खुणा दिसतात, त्या वाचल्याच्या. कोणी अंगठा दाखवतो. तो 'कळलं'चा की 'मी आणतो'चा, हे सकाळी समजतं. शिवाय प्रश्न वर सरकतो, खाली शुभ सकाळचं फूल येतं आणि संध्याकाळपर्यंत तो कोणाच्या लेखी उरत नाही.

एडिटरने मला अशीच एक दुखरी गोष्ट ऐकवली, अक्षरशः ऐकवली. दिग्दर्शकाने पाठवलेला ध्वनिसंदेश: "ते बघ, जिथे त्या बाई वळून बघतात ना, त्याच्या जरा आधी, तिथलं म्युझिक थोडं खाली घे. आणि मग ते दुसरं पण." चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत बाई अनेकदा वळून बघतात. 'ते दुसरं' कुठलं, हे विचारायला फोन करावा लागला.

याच कामासाठी फ्रेम डॉट आयओ नावाचं साधन आहे. व्हिडिओ थांबवायचा, तिथेच शेरा लिहायचा. शेरा त्या क्षणाला, अगदी त्या फ्रेमला चिकटतो. शेरे लिहायला खातंही लागत नाही, दुवा पुरतो. ॲडोबीने २०२१ मध्ये या कंपनीसाठी १२७.५ कोटी डॉलर मोजले, यावरून 'जिथे त्या बाई वळतात' ही अडचण एकट्या कोथरूडची नाही, हे लक्षात यावं. स्टुडिओने ते काही महिने वापरूनही पाहिलं. दिग्दर्शक बहुतेक वेळा गाडीत असतात, कानात इयरफोन घालून व्हिडिओ बघतात आणि बोलून मोकळे होतात. शेवटी तोडगा निघाला तो साधनाबाहेरचा: ध्वनिसंदेश पाठवायचा, पण आधी वेळ बोलायची. "चार सतरा, म्युझिक खाली." एवढ्या एका सवयीने एडिटरचे बरेच फोन वाचले.

व्हॉट्सॲपचा दुसरा घाव छापील कामात बसतो. फोटो साधा पाठवला तर तो आकसतो. लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचांच्या पलीकडे ताणला की फुटणार. दिवाळी अंकाच्या दोन पानांवर पसरून लावायचा म्हटला तर विषयच संपला. म्हणून दर ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रभर एक वाक्य फिरतं: "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

संदेशांच्या या पुराला आवर घालायला स्लॅकसारखी साधनं निघाली. एक ऑनलाइन खेळ करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या आपसातल्या बोलण्यासाठी ते बनवलं होतं. खेळ चालला नाही, गप्पांचं साधन २०१३-१४ मध्ये बाजारात आलं आणि चाललं. तिथे विषयवार दालनं असतात, एका संदेशाखाली त्याचीच उत्तरं लागतात. पण फुकट खात्यात ९० दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला याचा अर्थ असा, की दिवाळीत काय ठरलं होतं ते होळीला सापडायचं नाही.

तिकिटांच्या गावात

हिंजवडीत माझ्या प्रश्नाला सगळ्यांत झटपट उत्तर मिळालं. एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असलेल्या बाईंनी कॅन्टीनमध्ये बसल्या बसल्या फोन काढला, एक क्रमांक टाकला आणि सांगितलं, "हे काम आमच्या नागपूरच्या मुलाकडे आहे, काल दुपारपासून. त्याच्या आधी टेस्टिंगला होतं, तिथून परत आलं."

हे जिराचं काम. सिडनीच्या दोन तरुणांनी काढलेल्या ॲटलासियनने २००२ मध्ये ते आणलं, सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवायला. पुढे सगळीच कामं त्यात शिरली. प्रत्येक कामाचं तिकीट. तिकिटाला क्रमांक, अवस्था आणि एक धनी. एकच. जिरात एका तिकिटावर दोन माणसांची नावं धनी म्हणून लावता येत नाहीत, निदान मूळ रचनेत तरी. आसनाचंही तसंच. फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मोस्कोविट्झ यांनी जस्टिन रोझेनस्टाइन यांच्यासोबत २००८ मध्ये काढलेल्या या साधनात एका कामाला एकच जबाबदार माणूस, यावर मुद्दाम जोर आहे. उलट ट्रेलोच्या कार्डावर हवी तेवढी माणसं चिकटवता येतात.

तुलनेच्या तक्त्यात ही बारीकशी ओळ असते. प्रत्यक्षात सगळा फरक तिथेच आहे. प्रत्येक साधन बनवणाऱ्याचं माणसांच्या वागण्याबद्दल एक मत असतं आणि ते साधनात मुरलेलं असतं. जिरा म्हणतं, नाव एकाचंच लिही, नाहीतर काम होणार नाही. ट्रेलो म्हणतं, मिळून करा. व्हॉट्सॲप काहीच म्हणत नाही. ते गप्पांसाठी झालेलं आहे, आणि आपण त्यावर संसार थाटला आहे.

एकच धनी असल्याची किंमतही मोजावी लागते. त्याच टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "इथे तिकीट नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात. मी नव्या मुलीला दोन तास शिकवलं, त्याचं तिकीट कुठे आहे?" मग लोक काय करतात? एका कामाची तीन तिकिटं करतात. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात बंद केलेली तिकिटं बोलतात, म्हणून सोपी आधी उचलली जातात. पंधरा मिनिटांत उभ्याउभ्या आटपायची सकाळची बैठक तिकिटांची हजेरी होऊन जाते. 'काम कोणाकडे आहे' हे विचारणारं साधन 'कोणी किती केलं' हे मोजायला लागलं, की माणसं कामापेक्षा साधनाला उत्तरं द्यायला लागतात.

'किती टक्के झालं?' या प्रश्नाचंही तसंच. नव्वद टक्के झालेलं काम महिनाभर नव्वदवरच असतं, हे कोणीही सांगेल. २००४ पासून चालू असलेल्या बेसकॅम्पने टक्क्यांऐवजी एक टेकडी आणली. काय करायचं हे अजून उमगतंय, तोवर ठिपका चढणीवर. उमगलं, आता फक्त करणं बाकी, की उतरणीवर. ठिपका माणसाने स्वतः सरकवायचा. बाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे म्हणतील उतरणीवर आहे."

पान लागलं की डॉक बंद

दिवाळी अंकाच्या कारखान्यात मी थोडा आधीच आत होतो, कारण हा लेख तिथूनच जाणार होता. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा हंगामी उद्योग आता निम्मा छापील आणि निम्मा ऑनलाइन आहे. एका अंकाच्या कार्यकारी संपादक ताईंनी मला त्यांची गूगल शीट उघडून दाखवली. उभ्या रांगा अशा: लेखक, विषय, होकार, मजकूर आला, पहिलं वाचन, लेखकाकडे परत, मुद्रितशोधन, चित्र, पान लागलं, मानधन. पिवळा रंग म्हणजे फोन करायचा. लाल म्हणजे फोन करून झाला, आता दुसऱ्या कोणीतरी करायचा. एका ज्येष्ठ कवीची अख्खी आडवी ओळ लाल होती.

ट्रेलो का नाही? "कारण मला सगळे साठ जण एका नजरेत दिसायला हवेत. कार्डं सरकवत बसले तर अंक निघणार कधी?" लग्नघरात कोठीची किल्ली ज्या मावशीकडे असते, तिलाच नारळ किती उरले ते ठाऊक असतं, या शीटचं तसं आहे. ती सहा जणांना उघडते, पण रंग बदलतात फक्त ताई. इतरांनी बदलले की त्या रागावतात.

मजकूर गूगल डॉक्समध्ये येतो. तिथे न्यू जर्सीतल्या लेखिका आणि पुण्यातले मुद्रितशोधक एकाच वेळी एकाच परिच्छेदात असू शकतात. आपण हे इतकं गृहीत धरतो की त्यामागची करामत दिसत नाही. समजा लेखिकेने ओळीच्या सुरुवातीला सात अक्षरं घातली आणि त्याच क्षणी मुद्रितशोधकाने दहावं अक्षर खोडलं. त्यांच्या संगणकावरून निघालेला निरोप आहे 'दहावं खोड'. तो लेखिकेच्या मजकुरावर जसाच्या तसा चालवला तर भलतंच अक्षर जाईल. म्हणून मधल्या यंत्रणेने त्या निरोपाचं 'सतरावं खोड' असं रूपांतर करायला हवं. या रूपांतराची मांडणी एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये केली होती. रोजच्या वापरात ती भिनायला आणखी वीसेक वर्षं गेली. शिवाय सूचना म्हणून केलेली दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते, ती लेखिका स्वीकारते किंवा परतवते. कोणी काय बदललं याचा इतिहास राहतो. 'माझ्या वाक्याची वाट कोणी लावली?' या मराठी साहित्यातल्या जुन्या प्रश्नाला आता तारीखवार उत्तर मिळतं.

हे सगळं सदाशिव पेठेत येऊन थांबतं. तिथे एका बोळात पानं लावणारे काका बसतात. त्यांच्याकडे ॲडोबीचं इनडिझाइन आहे, पण हात बसलाय तो पेजमेकरवर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. आणि अक्षरं श्रीलिपीची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या या अक्षरसंचांनी मराठी छपाईची दोन पिढ्यांची सोय केली. युनिकोड सर्रास होण्याआधीच्या त्या अक्षरसंचांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. अक्षरसंच बदलला की मजकुराचं गिचमिड. डॉक्समधला मजकूर युनिकोडमध्ये. म्हणून काका तो आधी परिवर्तकातून काढतात आणि मग पानात ओततात.

त्यांनी मला एक पान दाखवलं. परिवर्तनात 'सुऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' या शब्दांतला अर्धा र गळून पडला होता. कारण तो र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, आणि परिवर्तकाला एकच माहीत होती. तीच गत 'ॲ'ची. या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचे, आणि सवयीने अजूनही बरेच जण, 'अ'ला वर चंद्र जोडून काम भागवतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र हे वेगळे शब्द. शोध घेतला तर एक सापडतो, दुसरा लपून राहतो. सगळीकडे एकदम बदल करायला गेलं तर निम्मेच बदलतात. मुद्रितशोधकाला अशी चूक छापल्यावरच दिसते.

पान एकदा लागलं की खरा मजकूर काकांच्या संगणकात. डॉक्समधली प्रत त्या क्षणापासून शिळी. तरी लेखिका न्यू जर्सीहून तिथेच एक शब्द बदलते, तिला वाटतं झालं. काकांना पत्ताच नाही. म्हणून ताईंचा नियम आहे: पान लागलं की डॉक बंद. लेखकाचा संपादनाचा हक्क त्या काढून घेतात. पुढची प्रत्येक दुरुस्ती पीडीएफवर, पान आणि ओळ सांगून, एकाच माणसाकडून. सोळा पानांचा फॉर्म छपाईला सुटला की तीही खिडकी बंद.

आणि मग दिवाळीनंतर हाच अंक संकेतस्थळावर टाकायचा ठरतो. शेवटच्या दुरुस्त्या फक्त पानांत आहेत, पानं श्रीलिपीत आहेत, संकेतस्थळाला युनिकोड हवं. पुन्हा उलटा परिवर्तक, पुन्हा गळलेले र. इनडिझाइनमध्ये सरळ युनिकोडने पानं लावता येतात. वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरलं तर मात्र जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात. काकांच्या लेखी प्रश्न वेगळाच आहे. "ते शिकायला मला एक हंगाम सोडावा लागेल. हंगाम सोडला तर वर्षभर खाऊ काय?" नवं साधन का स्वीकारलं जात नाही, याचं याहून सरळ उत्तर मला कोणी दिलं नाही.

लाल, पिवळं, हिरवं

या सगळ्यांपेक्षा वेगळी व्यवस्था मी पाहिली ती मराठी विकिस्रोतावर. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की भारतात पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. अशी जुनी पुस्तकं स्कॅन करून विकिस्रोतावर चढवतात, यंत्र त्यातली अक्षरं ओळखतं आणि माणसं ती सुधारतात. पगार नाही, बॉस नाही, मुदत नाही. तरीही काम कुठवर आलं हे कोणालाही, खातं नसतानाही दिसतं.

ठाण्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी काही पानं करतात. पडद्याच्या एका बाजूला पिवळट पडलेलं छापील पान, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्राला 'घ' आणि 'ध' यांत फरक कळला नव्हता, 'भ'चा 'म' झाला होता आणि शाईच्या डागाला अनुस्वार मानलं होतं. सरांनी ओळीओळीवर बोट ठेवत दुरुस्त केलं आणि पानाची अवस्था बदलली. लाल पान पिवळं झालं. लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही तपासलं. निळं पान अडचणीचं, करडं कोरं.

मी म्हणालो, हिरवं करून टाका की. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ज्याने पान पिवळं केलं, त्याला हिरव्याचा पर्यायच दिसत नाही. दुसऱ्या माणसाची नजर पडल्याशिवाय पान पुरं होत नाही, हा छापखान्यातला जुना दंडक इथे साधनातच बसवून टाकला आहे. पाळा म्हणून सांगावं लागत नाही, कारण मोडताच येत नाही. "शाळेत उत्तरपत्रिका मी तपासायचो आणि मॉडरेटर बघायचे. तसंच आहे हे," सर म्हणाले.

मात्र 'हे काम आत्ता कोणाकडे आहे?' याचं इथलं उत्तर 'कोणाकडेच नाही' असं असतं. पिवळी पानं महिनोन्‌महिने पिवळी राहतात. नवं पुस्तक सुरू करण्यात जी गंमत आहे ती दुसऱ्याचं तपासलेलं पुन्हा तपासण्यात नाही. साधनाने दर्जा राखला. वेग मात्र त्याला आणता येत नाही, कारण तिथे फोन करणाऱ्या ताई नाहीत.

माणशी दर आणि घरची किल्ली

पैशांचं बोलल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. बहुतेक साधनं माणशी, महिन्याचा दर लावतात. पन्नास जण रोज आठ तास एकाच कामावर असतील तर ते परवडतं. मराठी सांस्कृतिक कामांचा साचाच निराळा: चार जण कायमचे आणि चाळीस जण कधीतरी. चित्रकार दोन आठवडे, मुद्रितशोधक महिनाभर, ड्रायव्हर एक दिवस. माणशी दर या चाळिसांना दाराबाहेर ठेवतो, आणि दाराबाहेर व्हॉट्सॲप उभं असतं. म्हणजे लोक शिस्त पाळत नाहीत म्हणून बोलणं तिकडे जातं असं नाही. दराची रचनाच त्यांना तिकडे ढकलते. कितीही माणसं असोत, एकच दर, असा पर्याय बेसकॅम्प देतं. आपल्याकडचं झोहो स्वस्त पडतं आणि रुपयांत बिल देतं, म्हणून ठाणे-नाशिकच्या छोट्या कंपन्यांत ते बरंच दिसलं. दिवाळी अंकवाल्यांकडे मात्र ताईंच्या खाजगी जीमेलची १५ जीबी जागा आहे, आणि ती संपत आली आहे.

खाजगी जीमेल, हा यातला सगळ्यांत कच्चा दुवा. शीट ताईंची, डॉक्स ताईंचे, लेखकांचे पत्ते ताईंकडे. उद्या त्या दुसरीकडे गेल्या तर अंकाची स्मृती त्यांच्याबरोबर जाईल. आणि साधनंच निघून जातात ते वेगळं. कामांच्या याद्या ठेवायचं वुंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. म्हणून साधन निवडताना विचारायची एक गोष्ट: आपलं सगळं सामान एका फाइलीत भरून बाहेर काढता येतं का? नोशनसारख्या साधनात मजकूर, याद्या, तक्ते एकाच घरात राहतात, हे फार सोयीचं. पण घर बदलताना मजकूर हाती लागतो, आणि पानापानांत गुंफलेली रचना पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

मग कुठलं चांगलं?

संपादकांना उत्तर द्यायचं तर असं देता येईल. टप्पे ठरलेले आहेत आणि काम कुठे तुंबतं ते बघायचंय, तर फळा. चुका पुन्हा पुन्हा परत येतात आणि प्रत्येकीला एक धनी हवा, तर तिकीट. साठ माणसांवर एकाच माणसाची नजर, तर साधी शीट. दर्जा माणसाच्या मर्जीवर सोडायचा नसेल, तर विकिस्रोतासारखा न मोडता येणारा नियम. आणि ग्रुप तर राहणारच. तो बंद करायच्या भानगडीत कोणी पडू नये. फक्त ग्रुपवर ठरलेलं त्याच दिवशी कुठेतरी उतरवायचं, एवढं पाळावं.

पण 'उतरवायचं' कोणी? विकिस्रोत सोडलं तर मी पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी साधन खरं बोलत होतं ते एखाद्या माणसामुळे. कोथरूडला निर्मितीवाली मुलगी, अंकात कार्यकारी संपादक ताई, हिंजवडीत टीम लीड बाई. योगायोग असेल, पण तिघीही बायका. आणि तिघींच्याही नेमणूकपत्रात हे काम लिहिलेलं नाही. रोजचा तासभर अंगठे बघून कार्डं सरकवण्यात, फोन करून रंग बदलण्यात, अर्धवट तिकिटांची विचारपूस करण्यात जातो. तो कोणी मोजत नाही, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि रजा घेतली की दोन दिवसांत फळा खोटं बोलायला लागतो. साधनांवर वर्षाला काही हजार किंवा काही लाख खर्च करणाऱ्यांनी हा तास कधी हिशेबात धरलेला मला आढळला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बैठकीत कोणी नव्या ॲपचं सादरीकरण करायला उभं राहिलं, की दर विचारायच्या आधी एवढंच विचारा: हे रोज खरं कोण ठेवणार, आणि त्या तासाचा पगार कोणाच्या खात्यात जमा होणार? नाव आणि रक्कम दोन्ही ठरली तर यातलं कुठलंही साधन चालेल. तोवर शंभर पानी वही पुरते.